शाळेतले सर परग्रहावरचे निघाले, तर ओळखायचं कसं? ('द फॅकल्टी', १९९८)

तिसरं_गेट

थोरलीची एसएसएलसीची (दहावीची) प्रिपरेटरी परवा संपली. 'भुताचा नको, पण भ्या वाटलं पाहिजे' अशी फर्माईश आली. म्हणून मी आमच्या काळातला 'द फॅकल्टी' लावला. पीयूसीला (अकरावी-बारावीला) असताना व्हीसीडी भाड्यानं आणून बघितलेला. दोन डिस्का होत्या, आणि दुसरी नेमकी परग्रहावरच्या किड्यांची राणी कोण हे कळायच्या वेळी अडकायची. तोंडाची वाफ मारून, बनियनला पुसून आम्ही तो शेवट तीन हप्त्यांत पूर्ण केला होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. पुढं सगळं फोडलेलं आहे. पिक्चर येऊन पंचवीस वर्षं उलटली, आता रडायचं नाही.

ओहायोमधलं एक हायस्कूल (शूटिंग मात्र टेक्सासमधलं). केसी नावाचं एक रोज मार खाणारं पोरगं आहे. तो एलायजा वूड, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला हॉबिट व्हायच्या आधीचा. त्याला मैदानावर वाळलेल्या किड्यासारखं काहीतरी सापडतं. सायन्सच्या सरांकडं नेतो. पाणी लागल्याबरोबर ते वळवळायला लागतं, काचेच्या टाकीत टाकल्यावर एकाचे दोन होतात आणि सरांच्या बोटाला चावतं. तोवर कोच किड्याच्या ताब्यात गेलेला असतो, मग हेडबाई, मग नर्स, एकेक करून सगळी स्टाफरूम. ताब्यात गेलेला माणूस घटाघटा पाणी पितो आणि एकदम गुणी होतो. मग वर्गावर्गातून पोरांना 'कान तपासायला' नर्सच्या खोलीत बोलावतात. कानातनंच तो किडा आत जातो.

शेवटी सहा पोरं उरतात, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी. त्यातला झीक (जॉश हार्टनेट) घरी पावडर करून पेनाच्या नळीत भरून विकतो. तिच्यात मुख्य कॅफीन. ती नाकात ओढली की अंगातलं पाणी उतरतं, आणि पाण्यावर जगणारा किडा खलास. सहाही जण एका खोलीत बसतात आणि एकेकाला ओढायला लावतात. ओढलं तर तू आमचा, नाही ओढलं तर त्यांचा.

ह्या सीनला मी मुद्दाम पोरीकडं बघितलं. ती नखं कुरतडायचं थांबवून म्हणाली, "पप्पा, आमच्या शाळेत हे कळायचंच नाही. आमचे सर आधीपासूनच असे आहेत."

मी हसलो, पण नंतर झोपताना विचार करत पडलो. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या हायस्कुलात हे झालं तर चाचणी काय घ्यायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कुंदा_प्रेमी

पहिला! भडंग घेऊन बसलोय.

करदंट

चाचणी लांबच राहिली तिसरं_गेट अण्णा. आमच्या गावात मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच कंपाउंडात. मध्ये एक पाण्याची टाकी, नळ दोन्हीकडं काढलेले. किडा टाकीत पडला तर पहिल्या दिवशी एसडीएमसीची (शाळेच्या समितीची) मीटिंग बसणार. विषय एकच : 'पाणी पिऊ नये' ही पाटी वर कुठल्या भाषेत आणि खाली कुठल्या. दुसऱ्या दिवशी अक्षरांच्या उंचीवरनं वाद. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूची माणसं एकदम शांत होऊन, हसत हसत, एकमेकांना पाण्याचा तांब्या पुढं करणार.

तेवढ्यावरनंच गावाला कळंल, की काहीतरी भयंकर घडलंय.

तिसरं_गेट

करदंट, दंडवत घ्या. 😂

जांबोटीचा_पाऊस

पावडरीनं किडा मारायचा प्रकार बघून मला हॉलिवूडचं कौतुक वाटलं नाही. आमच्याकडं शाळेचा शिपाई हे रोज करायचा.

खानापूरच्या वरच्या अंगाला, कणकुंबीकडं जाणाऱ्या वाटेवर आमचं हायस्कूल. मिरगाचा पाऊस धरला की गणपतीपर्यंत दप्तर वाळायचं नाही. घरापासनं शाळा दीड तासाची पायवाट, निम्मी रानातनं. वर्गात पोचेस्तोवर पायाला जळवा लागलेल्या असायच्या. आम्हाला त्याचं काहीच नव्हतं. पायरीवर बसायचं, शिपाईमामांनी तंबाखूची चिमूट थुंकीनं ओली करून चोळायची, जळू आखडून गोळी होऊन पडायची. रक्त मात्र दुपारपर्यंत थांबायचं नाही.

मी आठवीत असताना कन्नड शिकवायला विजापूरकडचे एक सर आले. तिकडचा माणूस, पाऊस बघितलेला नाही. दुसऱ्याच दिवशी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. पँट जरा वर केली. पोटरीवर बोटाएवढी फुगलेली जळू. सर खाली बसले नाहीत, ओरडलेही नाहीत. खडू हातात तसाच, आणि आमच्याकडं बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "इदेनो?"

सगळा वर्ग एकदम ओरडला, "जळू, सर!"

मामा आले, तंबाखू लावली, पडली. सरांनी मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं 'जिगणे' आणि आम्हाला पाच वेळा म्हणायला लावलं. आम्हीही त्यांना 'ळ' म्हणायला लावला. तो त्यांना आमच्यापेक्षा छान यायचा, हे नंतर कळलं.

त्या दिवसापासनं सरांच्या टेबलाच्या खणात तंबाखूची पुडी. स्वतः सुपारीचं खांडसुद्धा खात नसत. पण हजेरीच्या आधी एकेकाला पुढं बोलवायचे, "एरडू कालु तोरसु." दोन्ही पाय दाखव. आम्ही पँट, परकर गुडघ्यापर्यंत धरून रांगेत उभे, आणि सर वाकून बघत, पुडी हातात. आमच्याकडचा तो पेनाच्या नळीचा सीन हाच.

निपाणी_नाका

जांबोटी, तंबाखूचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचतो.

झीकचं पेन बघून मला आमचे आजोबा आठवले. पितळेची डबी, अंगठ्याच्या नखावर चिमूट, एक सुरका, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शिंक. तपकिरीला चाचणी म्हणून तोड नाही. खरा माणूस शिंकणारच, किडा काय करंल ते करंल.

निपाणीत तर चाचणीची गरजच नाही. आमची आई वखारीत तंबाखू चाळायला जायची, घरी आल्यावर विड्या वळायची. सूप मांडीवर, हजार झाल्याशिवाय उठायची नाही. वखारीच्या दारात नुसतं उभं राहिलं तरी डोळ्याला पाणी आणि नाकात झिणझिण्या. मार्च-एप्रिलात सगळ्या गावालाच तो वास असायचा. १९८१ साली शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर बसवलं, ते ह्याच निपाणीत, ह्याच वासात. तो परग्रहावरचा आला तर स्टँडवरच सुकून पडंल.

तवा रानातली माणसं खानापूरला घाबरून बसली तर निपाणीला पाठवा. आई अजून आहे. सूप पण आहे.

पुणेरी_पाहुणा

धागा रंजक आहे, पण चित्रपटाची अंमळ जास्तच वाहवा चाललेली दिसते. ही कल्पना मुळातली नव्हे. जॅक फिनीची 'द बॉडी स्नॅचर्स' १९५५ची, तिच्यावरचा पहिला चित्रपट १९५६चा. रॉबर्ट हाइनलाइनची 'द पपेट मास्टर्स' त्याही आधीची, १९५१ची. एकमेकांची चाचणी घेण्याचा प्रसंग १९८२च्या 'द थिंग'मधून उचललेला, तिथे रक्ताची चाचणी होती, इथे पावडर. पटकथाकार केविन विल्यमसन, ज्याने आधी 'स्क्रीम' लिहिला. त्याच साच्यात एलियन बसवले, एवढेच.

आणि एक नम्र सूचना. 'कळंल', 'करंल', 'तवा' हे बोलताना ठीक, लिहिताना प्रमाण मराठी वापरले तर बाहेरच्या वाचकालाही सोपे जाईल.

कुंदा_प्रेमी

आता भडंगात कांदा पडला. सरकून बसा.

शहापुरी

@पुणेरी_पाहुणा, आधी पिक्चरचं. उचललंय हे पिक्चरच सांगतो हो. स्टोकली नावाची ती काळे कपडे घालणारी पोरगी विज्ञानकथा वाचत बसलेली असते. शाळेत काय चाललंय हे तिला त्या पुस्तकांवरनंच उमगतं, आणि फिनीनं हाइनलाइनकडनं घेतलं ह्यावर तिथं बोलणंही होतं. म्हणजे चोरी केली नाही, पावती दाखवून माल घेतला. दिग्दर्शक रॉड्रिगेझ हा माणूस १९९२मध्ये सात हजार डॉलरात आख्खा पिक्चर काढून आलेला. इथं त्याला दीड कोटी मिळाले तरी एडिटिंग स्वतःच केलंय. काटकसर हाडात असली की जात नाही.

आता भाषेचं. तिसरं_गेट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पाहुण्यांनीच दिलं बघा. चाचणी हीच.

तुमचा किडा आपली भाषा शिकणार कशातनं? पुस्तकातनं, बातम्यांतनं. तो 'मी जेवत आहे' म्हणणार. 'जेवूलालोय' म्हणायला त्याला कोण शिकवणार? आमच्या शहापुरात एक वाक्य सरळ एका भाषेत संपत नाही. आई सकाळी म्हणायची, "ए सुम्न बस की, किती गद्दळ घालूलालास, अब्बा आयेंगे तो मालूम पडेगा." शेवटचं वाक्य शेजारच्या खालांचं, आईनं ते उसनं घेतलेलं कधी परतच केलं नाही. तीन भाषा, आणि कुठल्या शब्दाला कुठली लावायची याचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. दूधवाल्याचा हिशोब कन्नडात, देवाची आरती मराठीत, भांडण सुरू मराठीत आणि रंगात आलं की हिंदीत.

संशय आला की माणसाला सायकलवरनं ढकलायचं. पडताना तोंडातनं जे निघंल ते शुद्ध असलं तर समजायचं, गेला.

पुणेरी_पाहुणा

हा हा. मान्य. म्हणजे मी परग्रहवासी ठरलो. पाणी आणून द्या.

शहापुरी

नळावर रांगेत या. 🙏

खडक_गल्ली

शहापुरी, झकास आहे, पण चालणार नाही. पिक्चरमध्ये ताब्यात गेलेल्या माणसाची आठवण जशीच्या तशी राहते. त्या सहांतली डेलायला ताब्यात गेल्यावरही डेलायलासारखीच बोलते, तिला तिच्या दोस्तांची नावं, भांडणं सगळं माहिती. किडा तुझ्या आईचं उसनं हिंदीसुद्धा घेऊन बसणार. भाषेनं पकडणं शक्य नाही.

त्यांना पकडून देते ती गोष्ट वेगळी. ते कशासाठी हट्ट करायचे थांबतात.

सुरुवातीचा सीन आठवा. रात्री शाळेत मीटिंग. कुणाला नवे कॉम्प्युटर पाहिजेत, कुणाला सहल, नाटकाच्या बाईंना म्युझिकल. हेडबाई म्हणतात, पैसे फुटबॉलला. सगळी चिडलेली, दमलेली. नंतर तीच माणसं किडा गेल्यावर फ्रेश दिसतात. जी नर्स आधी सर्दीनं गळत असते (सलमा हायेक, हिला शेंबडी दाखवायची हिंमत रॉड्रिगेझचीच), ती पुढं एकदम टवटवीत. मला त्याचीच भीती वाटली. कापलेली बोटं चालतात त्याची नाही वाटली.

मास्तरीणबाई

खडक_गल्ली, तुम्ही मीटिंगचं काढलंत म्हणून राहवलं नाही. बावीस वर्षं हायस्कुलात आहे, कुठल्या ते विचारू नका.

ती नाटकाच्या बाईंची भूमिका पायपर लॉरीनं केलीय. तिला 'म्युझिकल नाही' असं सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते मी आरशात बघितलेलं आहे. एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी पडद्याचं कापड मागितलं होतं. नुसतं कापड, शिवायची मी. 'पुढच्या वर्षी बघू.' पुढच्या वर्षी त्याच पैशातनं गेटला रंग. मग घरच्या चार साड्या जोडून पडदा केला. एक अंजिरी, तीन जुन्या इरकली. नाटक चालू असताना मागच्या रांगेतनं माझ्याच सासूबाईंचा आवाज, "अगो, ती माझी न्हवं?"

म्हणून जेव्हा ती बाई हेडबाईंना कात्रीनं भोसकते तेव्हा मी, म्हणजे, टाळी वाजवली नाही. पण हात जवळ आले होते.

आणि 'आमचे सर आधीपासूनच असे' म्हणणाऱ्या पोरीला सांगा बाळ, सरांना किडा लागलेला नाही. सरांनी सकाळी जंताच्या गोळ्या वाटल्यात, क्षीरभाग्य योजनेची पावडर कालवून दूध दिलंय, ते ऑनलाइन भरलंय, बिसीऊटाचे (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचे) आकडे भरलेत, सुट्टीत मतदार यादी घेऊन फिरलेत, आणि मग चौथ्या तासाला तुझ्यासमोर प्रमेय घेऊन उभे राहिलेत. तेव्हा चेहरा तसाच होतो.

(किडा लागला तर निदान पाणी प्यायला वेळ मिळंल.)

तिसरं_गेट

बाई, पोरीला वाचून दाखवलं. गप्प बसली. मग म्हणाली, "पण जंताची गोळी दिली तर किडा मरायला नको का?"

सूक्ष्मदर्शक

मुलीचा प्रश्न उत्तम आहे. मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर. कंटाळा आला तर खाली जा.

गोळीचं आधी. जंताची गोळी अल्बेंडाझोलची. ती जंताच्या पेशीतला सांगाडा बनू देत नाही, त्याला साखर घेता येत नाही, तो उपाशी मरतो. परग्रहावरच्या किड्याच्या पेशी तशाच असतील तर चालेल, नाहीतर नाही.

कॅफीन. मूत्रपिंडातून सोडियम परत शोषलं जाणं ते थोडं कमी करतं, सोडियमबरोबर पाणी जातं. पण परिणाम सौम्य. रोज चहा-कॉफी पिणाऱ्यावर तर फारच थोडा. झीकच्या पावडरीनं माणूस डोळ्यादेखत सुकेल हे काही खरं नाही. मीठ जास्त कामाचं. जांबोटींच्या जळूचं कातडं पातळ आणि ओलं, मीठ टाकलं की परासरणानं आतलं पाणी बाहेर येतं. तंबाखूचं काम वेगळं, निकोटिन तिच्या मज्जातंतूंवर चालतं. शिपाईमामा झीकपेक्षा हुशार होते.

पण पिक्चरवाल्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर पकडली आहे, कळून की न कळता ते देव जाणे. परजीवी आपल्या यजमानाला पाण्याकडे ओढत नेतो हे खरोखर घडतं. घोड्याच्या केसासारखा एक किडा असतो, तो रातकिड्याच्या, नाकतोड्याच्या पोटात वाढतो, यजमानाच्या लांबीच्या कितीतरी पट. पूर्ण वाढला की त्याला अंडी घालायला पाणी लागतं. मग पोहता न येणारा तो रातकिडा स्वतःहून पाण्यात उडी मारतो. किडा बाहेर पडून पोहत जातो. रातकिडा बहुधा बुडतो.

आणि माणसातलं उदाहरण फार लांब नाही. नारू. साठच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. न गाळलेल्या पाण्यातनं डोळ्याला जेमतेम दिसणारे जलपिसू पोटात जायचे, त्यांच्यात नारूच्या अळ्या. वर्षभर काही कळायचं नाही. मग पायावर फोड, त्यात अशी आग की माणूस धावत जाऊन पाय पाण्यात बुडवणार. तेवढ्यासाठीच ती आग. पाय पाण्यात गेला की मादी फोडातनं हजारो अळ्या सोडते, आणि त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या पुढच्या माणसाची वेळ सुरू. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या पायऱ्यांच्या विहिरींनी हे पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. औषध नाही, लस नाही. गाळून पाणी, विहिरी बंदिस्त करणं आणि लोकांना पुन्हा पुन्हा सांगणं, एवढ्यावर तो गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६चा, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला. पिक्चर आला १९९८च्या नाताळात. म्हणजे हे पोरं बघत होती तेव्हा आपल्याकडचा खरा किडा नुकताच संपला होता.

कुंदा_प्रेमी

वाचनखूण साठवली. भडंग संपलं, पाणी प्यायची इच्छा नाही.

नवी_ॲडमिशन

बरेच दिवस फक्त वाचत होते. हा पिक्चर माझ्या मनात वेगळ्या कारणानं राहिला आहे.

राणी कोण निघते? मेरीबेथ. अटलांटाहून नुकतीच आलेली, गोड बोलणारी, सगळ्यांशी ओळख करू बघणारी. नवीन ॲडमिशन. सहा जणांत एक बाहेरची, आणि तीच ती.

वडलांची बदली हुबळीहून बेळगावला झाली तेव्हा मी आठवीत. घरी आई-बाबा मराठी बोलायचे, पण मी पहिलीपासनं कन्नड शाळेत. इथं आजीच्या हट्टापायी मराठी माध्यमात घातलं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत सात-आठ पोरी गोल करून उभ्या. "बोल काहीतरी." मी बोलले. "परत बोल." एकीनं विचारलं, "तू घरी पण असंच बोलतीस?" दुसरी म्हणाली, "ही तिकडची आहे." तिकडची म्हणजे कुठली, ते मला कळलं नाही. हुबळीत मी इकडची होते.

शहापुरींची भाषेची चाचणी वाचून मी पण हसले. खरंच हसले. पण ती माझ्यावर घेऊन झालेली आहे, आणि मी नापास झाले होते.

शेवटी मेरीबेथ सांगते, की तिच्या जगात नजर पोचेल तिथवर समुद्र होता, तो आटायला लागला, म्हणून ती निघाली. आणि ह्या पोरांकडं आली कारण ती पण तिच्यासारखीच एकटी होती. सगळे म्हणतात हे तिचं फसवणं आहे. असेल. मी मात्र केसी तिला मारतो तेव्हा दर वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.

शहापुरी

अक्का, माफ करा. लिहिताना हे डोक्यात आलं नाही.

नवी_ॲडमिशन

अहो माफी कसली. आता मी तुमच्यापेक्षा जास्त 'गद्दळ' म्हणते. माझा नवरा वैतागतो.

वडगावचा_वाघ

हे सगळं ठीक, पण कन्नड शाळा, मराठी शाळा म्हणूलालाय तर मूळ प्रश्नावर कोण बोलणार? ५६ साली आपल्यावर

संपादक मंडळ

सीमाप्रश्नाचा स्वतंत्र धागा आहे, चारशे प्रतिसाद झालेत, तिथं जावं. इथं फक्त परग्रहवासी. प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे.

खडक_गल्ली

शेवटावर कुणीच बोललं नाही. राणी मेली, सगळे बरे झाले, महिन्याभरानंतरची शाळा. झीक, जो कुणाला जुमानत नव्हता, तो फुटबॉलच्या टीममध्ये. स्टोकलीनं काळे कपडे सोडले, रंगीत घातले, केस नीट, आणि सहांतल्याच स्टॅनच्या गळ्यात हात. केसी पेपरात झळकलेला, शाळेतली सगळ्यात भाव खाणारी पोरगी त्याच्याबरोबर. सगळे छान, सगळे नीटनेटके, सगळ्यांसारखे.

मला सांगा, किडा हरला कुठं? तो जे करायला आला होता ते त्याच्याशिवायच झालं की.

मास्तरीणबाई

खडक_गल्ली, तुम्हाला पोरं नाहीत वाटतं. काळे कपडे पोरगी दहावीनंतर सोडतेच. किडा लागत नाही, कॉलेज लागतं.

खडक_गल्ली

बाई, स्टोकलीचा तो शर्ट बघा एकदा. मग बोलू.

मास्तरीणबाई

बघितला. वाईट आहे. पण गुन्हा नाही.

निपाणी_नाका

झीक टीममध्ये गेला तरी मैदानात विडी (त्यांची सिगरेट) ओढताना दाखवलाय. थोडा शिल्लक आहे तो.

तिसरं_गेट

रात्री जे झालं ते लिहून ठेवतो.

सूक्ष्मदर्शक सरांचा नारूचा प्रतिसाद पोरीला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. आमची आई तिथंच खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं झोपलीय. आईचं माहेर अथणीच्या पलीकडं, कोरडा मुलूख. मी 'पायऱ्यांच्या विहिरी' म्हणालो तशी ती उठून बसली आणि लुगडं घोट्यावर घेतलं.

घोट्याच्या जरा वर, आतल्या अंगाला, सुरकुत्यात हरवल्यासारखा एक पांढरट खड्डा. हरभऱ्याएवढा. चाळीस वर्षं मी त्या पायांना नमस्कार करतोय, मला तो कधी दिसला नव्हता.

"आकितीला तोंड दिसलं," आई म्हणाली. "आमच्या आईनं जोंधळ्याची काडी घेतली, तेला गुंडाळला. रोज बोटभर. जास्ती वडला की तुटतोय, तुटला की पाय जातोय. रात्री काडी पायालाच बांधून झोपायचं. बेंदराला सुटला."

पोरगी म्हणाली, "दुखत होतं काय, आज्जी?"

"दुखायला काय. आग हुती. सारखं वाटायचं हिरीत पाय सोडून बसावं. आई काठी घेऊन दारात बसायची, जाऊ द्यायची न्हाई."

अक्षय्य तृतीयेपासनं कर्नाटकी बेंदरापर्यंत मी बोटांवर मोजलं. सहा आठवडे.

पोरीनं पिक्चरचं पुढं काही काढलं नाही. झोपायच्या आधी फिल्टरच्या नळाखाली पेला धरला, भरला, आणि दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत उभी राहिली. मग प्याली.

कुंदा_प्रेमी

…

सूक्ष्मदर्शक

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांची हरकत नसेल तर काडी कशी गुंडाळायचे ते नीट विचारून इथं लिहा. मी अठरा वर्षं हे शिकवतोय, बघितलेला माणूस पहिल्यांदा भेटतोय.

तिसरं_गेट

विचारलं. म्हणाली, "मास्तरांना घरी बोलीव. लिहून कळत न्हाई ते."